वहीदभाई आणि टिनावरची वायर

वहीदभाईंच्या मोटरसायकलला सायकलवाले मागं टाकत. बाजाराच्या दिवशी एकदा डोक्यावर मेथीची पाटी घेतलेली बाईसुद्धा त्यांना ओलांडून गेलेली मी पाहिली आहे, आणि वहीदभाईंनी मान हलवून तिला अदबीनं वाट दिली होती. चहा बशीत ओतला की त्यावर साय धरेपर्यंत ते थांबत. त्यांच्या बायकोची, रुखसानाभाभींची, सगळी भांडी घासून होत तरी यांच्या ताटातली भाकरी संपलेली नसे. घाई या माणसात औषधालाही नव्हती. पण घरातल्या संगणकावरून दुकानातल्या संगणकावर एखादी फाइल हळू यायला लागली, की हाच माणूस पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझारा घालायचा.

लोणार तालुक्यातल्या बीबी गावात, रस्त्याला लागून त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, साखरपुडे, बारशी, निवडणुकीतले पुढारी, जे समोर येईल ते टिपत. मी तिथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला गेले आणि स्टुडिओच्या वरची खोली भाड्यानं घेतली. सामान लावून व्हायच्या आत वहीदभाई जिना चढून आले. मला वाटलं, भाड्याचं बोलायला आले. त्यांनी विचारलं, "मॅडम, इंग्रजी नुसती शिकवता का वाचता बी?"

त्या प्रश्नाचं कारण म्हणजे त्यांची पेटी. भंगारातून आणलेल्या एका जुन्या संगणकात त्यांनी चार-पाच डिस्का बसवल्या होत्या आणि आसपासच्या गावांतल्या झाडून सगळ्या लग्नांचं चित्रण त्यात साठवून ठेवलं होतं. शहरातले लोक याला होम सर्व्हर म्हणतात, वहीदभाई पेटी म्हणत. दुकानात रस्त्याची धूळ फार आणि इन्व्हर्टर घरी, म्हणून पेटी दुकानामागच्या गल्लीत त्यांच्या घरात, धान्याच्या कोठीशेजारी असे. चित्रण कापायचा-जोडायचा मोठा संगणक मात्र दुकानात. दोन्हींच्या मध्ये एक वायर, आणि त्या वायरीतून सेकंदाला अकरा मेगाबाइट माल यायचा. ना साडेअकरा, ना बारा. वहीदभाईंनी कुठंतरी ऐकलं होतं की याच सामानात एकशे दहा यायला पाहिजे. तेव्हापासून त्या अकराच्या आकड्यानं त्यांची झोप उडवली होती.

इंटरनेटवर जगभरातले पेटीवेडे एकमेकांना अडचणी विचारतात अशी एक जागा त्यांना सापडली होती. तिथं सगळं इंग्रजी. तेव्हा शाळा सुटली की वहीदभाई वऱ्हाडीत सांगणार आणि मी इंग्रजीत लिहिणार, असं सुरू झालं. पण थेट प्रश्नाला हात घालणं त्यांना पटत नसे. आधी सलाम, मग तिकडं पाऊसपाणी कसं आहे याची चौकशी, मग पोरंबाळं, आणि मग नेटवर्क. इतकं कुणी विचारत नाही हो, असं मी म्हटलं तर म्हणायचे, अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून एकदम पाणी मागतात का? मी मुकाट्यानं लिहायची. आणि गंमत म्हणजे कुठल्याशा बर्फाळ देशातला एक गृहस्थ खरंच उत्तर द्यायचा, की यंदा फार बर्फ पडलं, मुली बऱ्या आहेत, आणि तुमचा स्विच बदलून बघा.

स्विच म्हणजे वायरी खोचायची ती दिवेवाली लहान डबी. वहीदभाईंनी ती जालन्याहून नवी आणली. अकरा. मग संगणकातलं नेटवर्कचं कार्ड बदललं. अकरा. डिस्का गरम होतात म्हणून पेटीवर टेबलफॅन लावला, तेव्हा रुखसानाभाभी म्हणाल्या की या घरात पंख्याखाली बसायचा मान आता फक्त पेटीला आहे. तरीही अकरा. गावाला हे सगळं पाठ झालं होतं. चहाच्या टपरीवर लोक त्यांना तब्येत विचारायच्या आधी आकडा विचारत.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, पेटीच उचलून दुकानात आणायची आणि वीतभर वायरीनं जोडायची. तेही करून झालं होतं. एकदा त्यांनी पेटी मोटरसायकलवर मागं बांधून दुकानात आणली, आपल्या नेहमीच्या बैलगाडीच्या चालीनं. तरी एक जुनी डिस्क त्या हिसक्यांनी गेली ती गेलीच. तिच्यात दुसरबीडच्या एका लग्नाचं अख्खं चित्रण होतं. दुसरा कुणी असता तर सबबी सांगितल्या असत्या. वहीदभाई त्या घरी गेले, झालं ते सांगितलं, आणि मग लग्नाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या गावी जाऊन त्याच्या मोबाइलमध्ये जे काही टिपलेलं होतं ते मागून आणलं. कुणाकडं वरात, कुणाकडं नुसती पंगत, एकाकडं तर सगळा वेळ स्वतःचीच चप्पल. ते सगळं जोडून त्यांनी जी फिल्म केली ती त्या घराला मूळच्यापेक्षा जास्त आवडली. पण त्या दिवसापासून पेटीला हात लावायचा नाही हे ठरलं. बाकीच्या डिस्काही त्याच वयाच्या होत्या.

आता वायरीबद्दल. दुकान आणि घर यांच्या मध्ये कौसामायचं घर होतं. कौसामाय एकटी राहायची. नवरा मागंच गेलेला, लेकी लांब दिलेल्या, शेताचा तुकडा बटईनं, आणि सोबतीला दमा. वायर तिच्या छपराच्या टिनांवरूनच न्यावी लागे. आणि त्या गल्लीत एक रीत होती, की ज्याच्या टिनावरून वायर जाईल त्याचा वायरीत हिस्सा. टीव्हीची केबल नेली तर त्या घरी एक जोडणी द्यायची, विजेची तार नेली तर एक दिवा द्यायचा. कौसामायला टीव्ही नको होता आणि दिवा होता. मग तिला काय द्यायचं?

वहीदभाईंनी तिला घंटी दिली. नेटवर्कच्या वायरीत बारीक बारीक आठ तारा असतात. तिकडचे सगळे वायरमन शिकवत आले होते की त्यातल्या चारच कामाच्या, बाकीच्या चार नुसत्या शोभेच्या. चांगल्या तांब्याच्या चार तारा वाया घालवणं वहीदभाईंना जिवावर येणार हे उघडच होतं. त्यांनी टिनावर वायर सोलली, त्या चार तारा कापून खाली उतरवल्या, कौसामायच्या बाजेला एक बटण बसवलं आणि दुकानात एक घंटी. बटण दाबलं की दुकानात चिमणीसारखा आवाज यायचा. रात्रीही कॅमेऱ्यांच्या राखणीला वहीदभाई दुकानातच झोपत, त्यामुळं चिमणी बोलली की त्यांना कळेच.

कौसामायनं आपला हिस्सा पुरेपूर वसूल केला. किती वाजले हे विचारायला चिमणी, मांजर आलं म्हणून चिमणी, वरण बरं झालंय म्हणूनही चिमणी. वहीदभाई दर वेळी उठून जात, चालत, आपल्या बेतानं. पण एकदा चिमणी बोलायला लागली ती थांबेचना. तेव्हा फोटोसाठी खुर्चीत एक नवरदेव बसला होता, फेटा अर्धा बांधलेला. वहीदभाई त्याला तसाच टाकून पळाले. होय, पळाले, मी वरून पाहिलं. दमा उठलेल्या कौसामायला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं, वेळेवर नेलं म्हणून ती वाचली. परत आले तर नवरदेव फेट्याचं टोक हातात धरून तसाच बसलेला.

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. बीटी कपाशीला बोंडअळी लागत नाही, याच भरवशावर लोक वर्षानुवर्षं तिच्या बियाण्याची पाकिटं आणत होते. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली, बोंडांनी लगडली, आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. रोजंदारीच्या बायका वेचायला येईनात, कारण वेचायला काही नव्हतंच. लग्नं पुढं ढकलली गेली आणि वहीदभाईंचा कॅमेरा खुंटीला लागला. पंचनाम्याला माणसं आली ती रस्त्याकडची शेतं पाहून गेली. आतल्या शेतांची पाळी कधी येईल कुणी सांगेना, आणि हरभरा पेरायची वेळ तर टळून चाललेली. लोकांना ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर फिरवून उभी कपाशी मातीत घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

वहीदभाईंनी खुंटीवरचा कॅमेरा काढला. फिरवा रोटाव्हेटर, पण आधी मला बोलवा, असा त्यांनी गावभर निरोप दिला. आणि मग ते एकेका शेतात जाऊन चित्रण करू लागले. शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून नाव सांगायचं, गट नंबर सांगायचा, बियाण्याचं रिकामं पाकीट दाखवायचं, आणि चालत चालत बोंडं फोडत जायचं. काही जण लग्नाचे कपडे घालून, केसांना तेल लावून यायचे. वहीदभाईंच्या तोंडात लग्नातल्या सवयीनं "थोडं हसा" यायचं आणि मग ते स्वतःच जीभ चावायचे. पण काम चोख. अळी गुलाबीच दिसली पाहिजे, लाल नाही, म्हणून उन्हाकडं तोंड करून पुन्हा पुन्हा बोंडं फोडायला लावत. हे सगळं चित्रण पेटीत जमा झालं, लग्नांच्या शेजारी.

एका सकाळी ग्रामपंचायतीतून निरोप आला, की नुकसानीच्या तक्रारी ऐकायला समिती उद्या सकाळी गावात बसणार. ज्याचं शेत मोडलं असेल त्यानं आपला पुरावा आपण आणायचा, प्रत्येकाचा वेगळा. अर्ध्या तासात दुकानासमोर माणसांची जत्रा. प्रत्येकाच्या हातात पेन ड्राइव्ह, कुणाचा पुतण्याचा, कुणाचा उसना. सगळ्यांची कपाशी आता फक्त पेटीत उभी होती. पेटी भंगारातली, तिच्या पेन ड्राइव्हच्या खाचा केव्हाच बंद पडलेल्या, आणि हिसक्यांनी ती डिस्क गेल्यापासून वहीदभाई दुकानातला संगणकही जागचा हलवू देत नव्हते. वहीदभाईंनी ती दुकानातल्या संगणकावर ओढायला लावली आणि पडद्यावरचा अंदाज वाचला. अकराच्या चालीनं शेवटची फाइल दुसऱ्या दिवशी दुपारी आली असती. तोवर समिती उठून पुढच्या गावाला गेली असती.

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. लोक दारात उभे होते आणि पडद्यावर ती हिरवी पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती. त्या दिवशी शाळा लवकर सुटलेली, मी खाली आले. वहीदभाई म्हणाले, मॅडम, त्या बर्फवाल्याला विचारा, आज पाऊसपाणी राहू द्या. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडून बिनसलामाचा प्रश्न लिहिला. उत्तर आलं ते एवढंच होतं: वायरीतल्या आठही तारा जोडलेल्या आहेत ना? चारच असतील तर अकराच मिळणार, एकशे दहाला आठही लागतात. मी ते मराठीत वाचून दाखवलं.

वहीदभाई सावकाश मागं वळले आणि भिंतीवरच्या घंटीकडं बघू लागले. वर्षभर कार्ड बदललं, स्विच बदलला, पंखा लावला, आणि अर्धी वायर आपणच शेजारी वाटून टाकली होती. मला हसू फुटलं, मग त्यांनाही फुटलं, आणि पोट धरून हसत ते म्हणाले, "चार शोभेच्या म्हणे. आपला वेग म्हाताऱ्या बाईच्या बाजेले बांधून ठेवला म्या."

दारातल्या कुणीतरी म्हटलं, मग चढा टिनावर. वहीदभाई चढले नाहीत. आधी कौसामायकडं गेले, मागोमाग आम्ही सगळे. तार काढायची म्हटल्यावर ती बाजेवर ताठ बसली.

"टिनं माहे, तं वायरीत हिस्सा माहा. तूच म्हनला होता."

"हाव माय, हिस्सा तुहाच. आज एक दिवस दे."

"अन् दमा उठला तं? टिनावर चढून हाका मारू का?"

वहीदभाईंनी तिला समजावलं, की गावाची कपाशी पेटीत अडकून पडली आहे, आज बाहेर निघाली नाही तर उद्या हे सगळे हात हलवत परत येतील. ती ऐकून घेत दारातल्या एकेका तोंडाकडं पाहत राहिली. मग वहीदभाई म्हणाले, "आजच्या दिवस तुले बाजेसकट दुकानात नेतो. मी समोरच असतो, घंटी कायले पायजे?"

"मंग उचल ना बाज," कौसामाय म्हणाली. "बोलून काऊन राह्यला?"

चौघांनी बाज उचलली. फोटोसाठीच्या रंगवलेल्या पडद्यासमोर, निळ्या धबधब्याच्या पायथ्याशी कौसामायची बाज लागली, आणि ती तिथून सगळ्यांवर हुकूम सोडू लागली. वहीदभाई टिनावर. कापलेल्या चारही तारा एकेक करून पिळून जोडल्या, वर चिकटपट्टी. मग दोन्ही टोकांना नवे प्लग, आठ रंग बरोबर ओळीत, आणि हे सगळं त्यांच्या त्या सुप्रसिद्ध बेतानं. खाली लोकांचा जीव टांगणीला. कुणी घाई केली की वरून आवाज यायचा, घाई केली तर रंग चुकतो.

प्लग खोचला. स्विचवरचा आजवर पिवळा असलेला दिवा हिरवा झाला. वहीदभाईंनी फाइल ओढायला लावली आणि डोळे मिटले, म्हणाले मॅडम, तुम्ही वाचा. मी वाचलं. एकशे दहा. मग एकशे बारा. पुन्हा एकशे दहा. दुकानात असा आरडाओरडा झाला की रस्त्यावर ट्रक थांबला. ज्यांना मेगाबाइट म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं तेही एकमेकांच्या पाठी थोपटत होते. मलाच इतका आनंद झाला होता की मी दोन वेळा चष्मा पुसला. शेतांमागून शेतं धडाधड येऊ लागली, बांधावर उभी माणसं, फुटणारी बोंडं, आणि वहीदभाई एकेकाचं नाव पुकारून त्याचा पेन ड्राइव्ह भरून हातात देऊ लागले. आपलं मोडलेलं शेत पडद्यावर पुन्हा उभं दिसलं की माणूस पडद्याला बोट लावून पाही, आणि मग पुढच्याला जागा करून देई. ऊन उतरायच्या आत शेवटचा माणूस निघाला.

लोक पांगले तसे वहीदभाई पक्कड घेऊन पुन्हा टिनावर जायला निघाले. मी विचारलं, आता कशाला? तारा परत घंटीला लावायच्या म्हणाले. मी आणि बाज परत न्यायला थांबलेल्यांनी त्यांना वेड्यात काढलं. वर्षभर ज्याच्यामागं धावलात ते आज मिळालं, निदान जालन्याहून दुसरी वायर येईपर्यंत तरी राहू द्या. माय काय, चार दिवस दुकानात राहील. कौसामाय मात्र घरी जायचं म्हणून बसली होती, तिच्या चुलीला आज दिवसभर आग नव्हती. वहीदभाईंनी पडद्याकडं पाहिलं. कुठल्याशा लग्नाची एक फाइल उगाच इकडून तिकडं पाठवली, तो आकडा एकदा डोळे भरून पाहिला.

"रातीले मायनं बटन दाबलं अन् इथं चिमणी बोललीच नाही," ते म्हणाले, "तं हे एकशे दहा काय मी उशाले घेऊन झोपू?"

थोड्या वेळानं स्विचवरचा दिवा पिवळा झाला. मग भिंतीवर चिमणी बोलली. कौसामाय घरी पोचली होती आणि घंटी लागली का ते बघत होती.

दुसऱ्या दिवशी समितीनं प्रत्येकाचं चित्रण पाहिलं. मदत पुढं कुणाला लवकर मिळाली, कुणाची लांबली, पण पुरावा नाही म्हणून बीबीतून एकालाही माघारी पाठवलं नाही. वहीदभाई मात्र अकरावरच राहिले. त्या हंगामात लग्नं जवळजवळ झालीच नाहीत, आणि नवी वायर आज आणू, उद्या आणू असं करता करता उन्हाळा आला.

जूनमध्ये माझी बदली हिवरा आश्रम या गावी झाली. निघायच्या दिवशी ट्रंक घेऊन खाली आले तर दुकानात कुणी नाही. वहीदभाई भर उन्हात कौसामायच्या टिनांवर बसलेले, डोक्यावर ओला दुपट्टा, शेजारी वायरीचं नवं कोरं भेंडोळं. मला पाहून वरूनच ओरडले, मॅडम, जाता जाता तेवढा आकडा वाचून जा. मी ट्रंक तिथंच टाकून आत गेले. फाइल ओढायला लावली. अकरा मागं पडले, पण एकशे दहाला काटा गेला नाही. सत्तर, बहात्तर, पुन्हा सत्तर, असा अडखळत होता. मी बाहेर येऊन सत्तर म्हणून ओरडले. वहीदभाईंनी दोन्ही हातांनी टिनं बडवली, आणि खालून कौसामाय ओरडली की टिनं फोडतो का मेल्या.

मला मात्र राहवेना. नवी वायर टाकूनही सत्तरच का, म्हणून मी विचारलं. एस.टी. समोर येऊन उभी राहिली होती, कंडक्टर माझी ट्रंक वर चढवत होता.

"नवी बिनजोड वायर मायच्या घंटीले टाकली," वहीदभाई टिनावरून म्हणाले. "आपली ती जुनीच, दोनदा कापून जोड मारलेली, तिले आता सत्तरच झेपते. जोड कवातरी सुटतेच, मॅडम. आपली फाइल काय, दुसऱ्या खेपेले येईन."